सहाव्या माळेला उठलेला घट

आंजीच्या बाजारात मिरचीचं नाहीतर वांग्याचं रोप घ्यायला आलेला माणूस जुड्या चाळायच्या आधी विचारायचा, "अण्णाजी माळ्याच्या वाडीतलं हाये का?" हो म्हटलं की पुढं काही न बोलता जुडी उचलायचा. नाव अण्णाजीचं, रोप मात्र त्याच्या पोरीच्या हातचं. वच्छला सतरा वर्षांची. वाफ्याची माती ती पिठासारखी मऊ करायची, बी बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर टाकायची, आणि पाणी कधी द्यायचं हे तिला कुणी सांगावं लागत नसे. मातीला बोट लावलं की तिला कळायचं. पोरीच्या हाताला गुण आहे असं सगळी वाडी म्हणायची, म्हणजे वर्षातले तीनशेछप्पन्न दिवस म्हणायची. उरलेले नऊ दिवस त्याच हातांकडे सगळे भिऊन बघायचे, आणि सगळ्यात जास्त ती स्वतः भ्यायची.

ते नऊ दिवस नवरात्राचे. वाडीचा एकच घट बसे, तोही अण्णाजीच्या घरी. बांबूच्या टोपलीत काळी माती, मातीत पेरलेले गहू, मधोमध पाण्यानं भरलेलं मडकं, मडक्यावर नारळ, शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा. रोज एक फुलांची माळ वर बांधायची, म्हणून दिवसही माळेनंच मोजायचे. गहू घरातल्या बिनलग्नाच्या पोरीनं पेरायचे आणि तिनंच पाणी घालायचं. अंकुर उंच आले तर साल बरं. पिवळे पडले तर घरावर काही तरी येणार. आणि घट बसला की तो उठेपर्यंत घरच्या माणसानं आणि पुजाऱ्यानं शीव ओलांडायची नाही. वाडीच्या बाहेर भोकराच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता, तिथं या घरचं जग नऊ दिवस संपायचं. ऐन भाजीच्या दिवसांत टोपल्या बाजारात न्यायच्या त्या शेजारच्या बबनरावनं.

नियम नुसता बोलायचा नव्हता. देवीचा पुजारी प्रेमदास याची एका नवरात्रात दाढ ठणकली, गाल लिंबाएवढा सुजला, तरी तो शिवेबाहेरच्या वैदूकडे गेला नाही. सहा दिवस लवंग चावत घटासमोर बसून राहिला. अशा माणसासमोर नियमाबद्दल तोंड कसं उघडणार?

तीन वर्षांपूर्वी वच्छला चौदाची होती. घटाचे गहू तिनं पहिल्यांदाच पेरले होते आणि सातव्या माळेला ते पिवळे पडून आडवे झाले. तिची वहिनी जिजा तेव्हा पहिलटकरीण होती. दसऱ्यानंतर दहा दिवसांनी पोरगं झालं ते मेलेलंच. वच्छलाला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. माय फक्त एकदा चुलीपाशी बसून म्हणाली, "वाफ्यात एवढं चांगलं रोप काढतं पोरगी, आन् देवीच्याच गव्हात कसं असं झालं?" बस्स, एवढंच. त्या दिवसापासून पोरगी आपल्याच हातांना दोष देत राहिली.

ती देवाला मानायची, वाडीत कुणी मानत नसेल इतकी. घराबाहेर पडताना चौकटीला तीनदा हात लावायची. मोजण्यात चूक झाली असं वाटलं की परत घरात यायची आणि पुन्हा बाहेर पडायची. कधी कधी विहिरीपर्यंत जाऊन परत यायची. छातीत धडधड सुरू झाली की हात कापायचे आणि श्वास वरच्या वर राहायचा. माय म्हणायची पोरगी देवभोळी आहे. बाप म्हणायचा चांगलं आहे, वळण राहतं. त्या देवभोळेपणात देव किती आणि भीती किती, हे कुणी पाहिलं नाही.

यंदा जिजाला पुन्हा आठवा महिना लागला होता. घट बसायच्या सकाळी वच्छला टोपलीपुढं बसली, ओंजळीत गहू होते आणि ओंजळ हलत होती.

"माय, यंदा तू पेर ना व."

"मी लगनाची बाई. चालते का?" कुंताबाई मडक्याला हळदीची बोटं ओढत होती.

"मंग बबनरावच्या गंगाले बोलाव."

"घट आपला आन् पोरगी त्यायची? सरळ बस. हात काऊन कापून राह्यले तुहे?"

"मले भेव लागते."

"देवीसमोर भेव लागते? मंग कोठी लागणार नाई?" माय म्हणाली, पण तिचाही आवाज चिरकला. तिनं जिजाच्या पोटाकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ते वच्छलानं पाहिलं.

गहू पेरले. तिनं वरून माती पसरली आणि पाणी शिंपडलं. मग जास्त तर नाही झालं असं वाटलं, आणि थोड्या वेळानं कमी तर नाही पडलं असं वाटलं. दुपारी एकदा, तिसऱ्या प्रहरी एकदा, दिवे लागताना एकदा ती येऊन ओंजळभर पाणी घालून गेली.

तिसऱ्या माळेला कांद्याच्या रोपाचे वाफे भिजवायचे होते. तिचा भाऊ नत्थू मोट हाकत होता. मोटेचं पाणी दांडाच्या चरीतून येऊन वाफ्यात शिरत होतं आणि नत्थूचं लक्ष घराकडे होतं. बायकोचं, जिजाचं, डोकं सकाळपासून दुखत होतं. एक वाफा काठोकाठ भरला, तेव्हा वच्छला फावडं टाकून धावली.

"दादा, पाहून राह्यला का नाई? बुडवला ना वाफा."

"थोडं जास्त पाणी झालं त काय होते?"

"काय होते? बुडाशी सडते रोप, आन् मंग मान टाकते. वरून हिरवं दिसते, उपडून पाह्यलं की मुळ्या काळ्या. पाण्यानं जेवढं रोप मरते ना, तेवढं उन्हानं नाई मरत." तिनं फावड्यानं दांड फोडून पाणी दुसरीकडे वळवलं. हे सांगताना तिचा हात जराही कापत नव्हता. तिथं ती मालकीण होती.

आणि घरी जाऊन तिनं घटाला आणखी एक ओंजळ पाणी घातलं. अशी ही पोरगी. वाफ्याचं शहाणपण तिनं कधी उंबऱ्याच्या आत नेलंच नव्हतं. घटातले गहू म्हणजे गहू, माती म्हणजे माती, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ते तिच्या लेखी पीक नव्हतंच. तो देवीचा निकाल होता, आणि निकाल कोरडा पडू नये म्हणून ती त्याला पाणी पाजत होती.

चौथ्या माळेला नर्सबाई आली. महिन्यातून एकदा ती सायकलवर वाड्या-वाड्यांतल्या गरवार बाया बघून जायची. जिजाला ओट्यावर बसवून तिनं लुगडं घोट्यापासून वर सारलं. पाय सुजून खांबासारखे झाले होते. बोटांत जोडवी रुतली होती. नर्सबाईनं नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला.

वच्छला शेजारी तांब्या घेऊन उभी होती. तो खळगा तिनं ओळखला. जास्त भिजलेल्या वाफ्यात बोट दाबलं की असाच राहतो.

"डोळ्यासमोर अंधारी येते का?" नर्सबाईनं विचारलं.

"काजवे दिसतेत," जिजा म्हणाली. ती बारीक आवाजात बोलायची. सासरी चार वर्षं झाली तरी तिचा आवाज मोठा झाला नव्हता, आणि पहिलं पोरगं गेल्यापासून तर आणखीच खाली गेला होता.

नर्सबाई उठून अण्णाजीसमोर उभी राहिली. "हिला वर्ध्याला दवाखान्यात न्या. आजच न्या. हे लक्षण चांगलं नाही, बाळाला नाही आणि हिलाही नाही."

अण्णाजीनं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. "बाई, घट बसला आमचा. दसरा झाला का मी सोता बैलबंडी जुंपतो."

"दसऱ्याला सहा दिवस आहेत."

"सहाच तर हायेत."

प्रेमदास ओट्याच्या कडेला बसून माळेसाठी झेंडू ओवत होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी चांगल्यासाठीच सांगून राह्यल्या. पण घरात देवी बसली हाये. तिले एकटं टाकून घरचं माणूस कोठी जाणार? थेच पाहीन सुनेले."

नर्सबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. जाताना सायकल हातात धरून ती वच्छलाजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "झटका आला तर बांगड्या काढ, कुशीवर निजव आणि निघा. कुणाला विचारत बसू नका."

त्या दिवशी जिजाची जोडवी काढायला रामबाई सुईण आली. तेल लावून निघेनात. शेवटी तिनं चिमट्यानं तोडली. तोडताना ती आपल्याशीच पुटपुटली, "मांगच्या खेपेलेबी तोडाच लागली होती." वच्छलाच्या कानांवर ते पडलं आणि कानांतच राहिलं.

पाचव्या माळेला तिला जेवण गेलं नाही. चौकटीला तीनदा हात लावून भागेना, ती सातदा लावू लागली. जिजाचा श्वास ऐकायला जायची, तिथून घटाला पाणी घालायला जायची, आणि तिथून पुन्हा जिजाकडे. एवढी प्रार्थना करूनही तिच्या जिवाला एक घटकाभर थारा मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. देवाजवळ गेलेल्या माणसाला निदान टेकायला जागा तरी मिळावी.

सहाव्या माळेच्या दुपारी प्रेमदास माळ बांधायला आला आणि टोपलीकडे पाहून जागीच थांबला. गहू पिवळे पडले होते. अर्धे आडवे झाले होते, बाकीचे मान टाकून मडक्याला टेकले होते.

"कुंताबाई," तो एवढंच म्हणाला.

माय आली. तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिनं पोरीला दोष दिला नाही. ती फक्त म्हणाली, "पुन्हा व, वच्छे?"

वच्छलाचा श्वास वर अडकला. डोळ्यांपुढं दिव्याची ज्योत लांब-लांब जाऊ लागली. ती टोपलीजवळ बसली. काही तरी धरायचं म्हणून तिनं एक अंकुर धरला, आणि तो मुळासकट हातात आला.

मुळी काळी पडली होती. बुडाशी दांडी मऊ झाली होती. तिनं ती नाकाशी नेली. कुजका वास आला. हा वास तिला दर पावसाळ्यात यायचा. मग तिनं बोट मातीत घातलं, आणि इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच माळ्याच्या पोरीचं बोट म्हणून घातलं. चिखल होता. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"पाण्यानं मेले," ती म्हणाली.

"काय?" मायला ऐकू आलं नाही.

"पाण्यानं मेले, माय. मीच मारले. दिवसातून धा खेपा पाणी घातलं म्या. तवाबी असंच घातलं होतं." डोकं आता भीतीच्या पुढं धावत होतं. तिला तोडलेली जोडवी आठवली. "माय, मांगच्या खेपेले वयनीचे पाय कई सुजले होते? घट पिवळा पडायच्या आंधी का मंग?"

जिजाला बघायला रामबाई नुकतीच आली होती, कुंताबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"आंधी," दारातून रामबाई म्हणाली. "नवरात बसायच्या आंधीच सुजले होते. मी सांगतलं होतं तवा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज झाला. जिजा खाली पडली होती. डोळे वर गेले होते, दात बसले होते, हातपाय ताठ होऊन झटके खात होते. वच्छलानं तिला कुशीवर केलं, बांगड्या ओढून काढल्या, दोन काढताना फुटल्या. थोड्या वेळानं झटके थांबले. जिजा घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. नत्थू मळ्यातून धावत आला होता आणि दाराशी उभा राहून नुसता पाहत होता.

"रामबाई, करा ना काई," कुंताबाई रडत म्हणाली.

"मी खोटं बोलत नाई," रामबाई म्हणाली. "हे माह्या हातातलं नाई. पुन्हा असा झटका आला त जाईन पोरगी. न्या हिले."

सगळे अण्णाजीकडे पाहू लागले. तो देवघराच्या दाराला टेकून उभा होता. तोंड राखेसारखं झालं होतं. "घट पिवळा पडला," तो म्हणाला. "आन् त्यात आता शीव ओलांडा म्हणता? राह्यलं साह्यलंबी जाईन."

"बा," नत्थूचा आवाज फाटला, "तुमी ओलांडलती ना. सरज्यासाठी."

प्रेमदासनं माळ खाली ठेवली.

तीन वर्षांपूर्वी, त्याच नवरात्रात, सरजा बैल दावं तोडून पळाला होता. अण्णाजी त्याच्यामागं भोकराच्या झाडापलीकडे अर्धा कोस धावला आणि बैल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी गुपचूप दगडापुढं नारळ फोडला. हे फक्त नत्थूला माहीत होतं.

"हाव," अण्णाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ओलांडली होती. म्हणूनच त सांगून राह्यलो. त्याच साली पोरगं गेलं. माह्या पायानं गेलं थे. तीन साल झाले, मले झोप नाई."

वच्छला जिजाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बापाकडे पाहिलं. तिला आधी काही कळलंच नाही, मग एकदम कळलं. आपण ज्या भीतीत तीन वर्षं जळलो तीच भीती हा माणूस पलीकडच्या खाटेवर उराशी घेऊन निजत होता. आणि पोरीच्या हातावर ठपका येतोय हे पाहून गप्प बसत होता. तिला राग आला. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्या रागाखाली बापाची कीवही आली.

"बाबा, तुमाले वाटे तुमच्या पायानं गेलं. आन् मले सांगत होते माह्या हातानं गेलं."

"मी कई म्हटलं?"

"नाई म्हटलं. थेच त." तिनं जिजाचं डोकं हळूच रामबाईच्या मांडीवर दिलं आणि उठली. "बैल परका नोता, म्हणून धावले. हे परकी हाये का?"

प्रेमदास म्हणाला, "पोरी, बापाले असं बोलू नोको. घट उठेलोग थांब. तीन माळा राह्यल्या."

"घट उठला का शीव मोकळी होते ना, काका?"

"होते. पण उठायचा तवाच उठीन."

"मंग उठवतो," वच्छला म्हणाली.

ती काय करतेय हे कुणाच्या ध्यानात यायच्या आत ती देवघरात गेली. चौकटीला हात लावायची सवय झाली म्हणून हात वर गेला, तो तिनं अर्ध्यावरून खाली आणला. टोपलीपुढं गुडघे टेकले. दसऱ्याला घट उठवतात तो विधी तिनं दरवर्षी पाहिला होता. हळदीचा हात मडक्याला लावायचा, तीनदा हलवायचं आणि देवीला उठ म्हणायचं. तिनं हळदीत हात बुडवला. मडकं तिच्या हातात इतकं हललं की तीन वेळा हललं की तीस वेळा, ते तिला मोजता आलं नाही. यावेळी ती पुन्हा मोजायला मागं गेली नाही.

"उठ, माय," ती म्हणाली. "तुहं बसून झालं. पाप लागन त मले लागू दे."

आणि तिनं टोपली उचलून अंगणात आणून ठेवली, उन्हात. कुंताबाई मोठ्यानं रडली. प्रेमदासनं डोळे मिटून हात जोडले. तोही खरंच घाबरला होता.

"दादा, घट उठला. शीव मोकळी झाली. बंडी जुंप."

नत्थू पळाला. अण्णाजी दोन पावलं पुढं आला, पोरीला अडवायला की मदत करायला, हे त्यालाही बहुधा माहीत नव्हतं. तो टोपलीपाशी थांबला. मग आत जाऊन त्यानं स्वतःची वाकळ आणली आणि बंडीतल्या कडब्यावर अंथरली. जिजाला त्यानंच उचललं. पण बंडीत चढला नाही.

भोकराचं झाड आलं तेव्हा दिवस कलायला लागला होता. वच्छला जिजाला कुशीवर धरून बसली होती. शेंदरी दगड दिसला. आता काही तरी होईल असं तिला वाटलं. चाक मोडेल, बैल बसेल, जिजाचा श्वास थांबेल.

"दादा," ती म्हणाली, "मले लय भेव लागून राह्यलं."

"मलेबी," नत्थू म्हणाला. "थांबू का?"

"नोको. हाक."

चाकं दगडाच्या बाजूनं गेली. काही झालं नाही. पुढं धाम नदीच्या पुलावर जिजाला दुसरा झटका आला आणि वच्छलानं तिला घट्ट धरून ठेवलं. रस्ताभर तिची छाती धडधडत होती. धडधडत्या छातीनं माणूस पाच कोस जाऊ शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं दिव्याच्या उजेडात जिजाला तपासलं आणि फक्त विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी झाली. आठव्या महिन्यातली, दोन ओंजळींत मावेल एवढी, पण रडली. कापसात गुंडाळून तिला आईजवळ ठेवलं. जिजाला शुद्ध यायला दीड दिवस लागला. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी आपले पाय पाहिले, मग पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वच्छे, घट?"

"उठला," वच्छला म्हणाली.

बावीस दिवसांनी बंडी परत निघाली. बातमी आधीच पोचली होती. बबनराव दोनदा दवाखान्यात येऊन गेला होता. वाडी जवळ आली तशी वच्छला मनात एकेक गोष्ट मोजू लागली. घरी काय वाढून ठेवलंय कोण जाणे. माय बोलेल का, बाप घरात घेईल का, वाडी तोंड पाहील का. जे होईल त्याला तोंड द्यायचं असं तिनं ठरवलं होतं. पण जे समोर आलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

अंगण सारवलेलं होतं. मधोमध पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी होती. बाया नारळ घेऊन उभ्या होत्या. आंजीहूनही दोघी-तिघी आल्या होत्या. प्रेमदास कुंकवाची वाटी घेऊन पुढं आला आणि वच्छलाच्या पायांशी वाकला. ती मागं सरली.

"काका, हे काय करून राह्यले?"

"देवीच उठली त्या दिवशी, माय," प्रेमदास म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. बावीस दिवस त्यानं डोकं शिणवलं असणार, आणि त्यातून त्याला ही वाट सापडली होती. "पोरीच्या तोंडून थेच बोलली. माणसाची का हिंमत हाये सहाव्या माळेले घट उठवाची? तुह्या अंगात आली होती थे. बस पाटावर."

वच्छलानं मायकडे पाहिलं. कुंताबाई जवळ आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बस व, बाई. नुसती बस. काई बोलू नोको. सगळं निस्तरते." बाप खाली मान घालून उभा होता. त्याच्या तोंडावर आशा होती. पोरीच्या अंगात देवी आली असेल तर घट मोडलाच नाही. घट मोडला नाही तर पाप नाही, तिचं नाही आणि त्याचंही नाही. पाट चांगला रुंद होता. नुसतं बसायचं होतं.

तिचे हात कापायला लागले. बोटांपासून कोपरापर्यंत, सगळ्यांना दिसतील असे.

"पाहा, पाहा, आली," कुणी तरी बाई म्हणाली आणि दोघींनी हात जोडले.

"नाई आली," वच्छला म्हणाली. "हे देवीचं कापणं नाई. हे भेव हाये. मी चौदाची होतो तवापासून मले हाये. त्या दिवशीबी हेच होतं. देवी काई बोलली नाई, काका. घट म्या उठवला. भेत भेत उठवला, पण म्याच उठवला."

"असं बोलू नोको पोरी," प्रेमदास कळवळून म्हणाला. "मंग पाप कोणाचं?"

"पाप असन त माहं. पण मले त नाई दिसत कोठी." तिनं बंडीकडे बोट केलं. "थ्या पाहा मायलेकी, दोन जीव हायेत. त्यात पाप दिसते का थे तुमीच पाहा."

आंजीची एक म्हातारी नारळ पुढं करून उभी होती, तिच्यामागं तिची गरवार सून. म्हातारी हळूच म्हणाली, "हात त ठेव हिच्या डोक्यावर, माय. लांबून आलो."

"डोक्यावर हात ठेवून काई होत नाई, आजी. नारळ घरी न्या, चटणी करा." वच्छला खाली वाकली आणि त्या सुनेचं लुगडं घोट्यापर्यंत वर करून पाहिलं. अंगठा दाबला. खळगा भरून आला. "हिचे पाय बरे हायेत. सुजले का मातर दसरा-दिवाळी पाहू नोका. आन् मी देवीले रोज हात जोडतो, जोडीनबी. माह्या भेवाले मातर आता जोडणार नाई."

प्रेमदासच्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. काही बाया तोंडाला पदर लावून अंगणाबाहेर पडल्या. एकीनं जाता जाता म्हटलंच, "लय शेफारली." कुंताबाई खांबाला धरून उभी होती. अण्णाजीनं मान वर केली आणि पोरीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरची आशा गेली होती. तिच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही, पण तो बंडीकडे गेला आणि त्यानं नातीला दोन्ही हातांत घेतलं.

जिजा बंडीतून उतरली. इतक्या दिवसांच्या पडून राहण्यानं तिच्या पायांत जोर नव्हता. ती चाकाला धरून उभी राहिली आणि बसायला जागा शोधू लागली.

वच्छलानं पायानं रांगोळी सारली, पाट उचलला आणि सावलीत, भिंतीला लावून ठेवला.

"वयनी, बस," ती म्हणाली.

जिजानं सासूकडे पाहिलं, प्रेमदासकडे पाहिलं. मग पाटावर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि सगळ्यांसमोर दोन्ही पाय लांब केले. सूज उतरली होती. बोटांत जोडवी नव्हती आणि कुणी ती विचारली नाहीत.